मिठाच्या रेघेआड सासूबाई

ती. अक्का,

पार्सल पोहोचलं. खडेमिठाची पिशवी एक, टपालखर्च मिठाच्या चौपट. (मीठ समोरच्या दुकानातही मिळतं, पण ते तू देवापुढे ठेवलेलं नसतं, म्हणून बोलत नाही.) वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला ताळ्यावर असतील असं धरून चालते.

सासूबाई गेल्यापासून त्यांच्या खोलीतलं कपाट दुपारी आपोआप उघडतं, हे तुला कळवलं होतंच. तुझ्या सांगण्याप्रमाणे अंघोळ करून, देवाचं नाव घेऊन त्या खोलीच्या उंबरठ्यावर मिठाची अखंड रेघ ओढली. वाईट काही असेल त्याची ती ओलांडायची छाती होणार नाही, असं तू म्हणाली होतीस. तेवढ्यात शेजारच्या शिंपीणबाई माझं पोलकं द्यायला आल्या. त्या म्हणाल्या, "अहो वहिनी, ओलांडता येत नाही ना? मग आत होतं ते बाहेर कसं पडणार? कोंडलंत की!" अक्का, मॅट्रिकपर्यंत शिकून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

रेघ पुसायला फडकं घेतलं, तर आमचे हे आडवे आले. आई गेल्यापासून ह्यांनी "हं"पलीकडे शब्द काढला नव्हता आणि ताटात अर्धं जेवण टाकत होते. (ते मी संपवते, पोलकं सैल करायला दिलं होतं ते त्यामुळेच.) सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे आई आत आहे?" मी म्हटलं, "आई कशाला? वाईट काहीतरी आहे." तर म्हणतात, "आईनं आपल्या कपाटाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला असता?" ह्यावर मी फडकं खाली ठेवलं. सासूबाईंना ओळखणाऱ्या कुणीही ठेवलं असतं.

तेव्हापासून कामावरून आले की हे रेघेच्या अलीकडे स्टूल टाकून बसतात आणि आत बघून बोलतात. साहेबाच्या चहाड्या, बुटाचा चावरेपणा, सगळं. परवा माझी भाजी खारट झाल्याचंही सांगितलं. (माझ्या तोंडावर सांगायची टाप नाही.) पण हल्ली ताट स्वच्छ करून उठतात.

शिंपीणबाई म्हणतात, भूत मिठाचा खडा न् खडा मोजल्याशिवाय हलत नाही. सासूबाई एकदा मोजून समाधान मानणाऱ्यांतल्या नव्हेत, तेव्हा घाई नाही. तरी एखाद्या जीवाची पुढची वाट अडवणं पाप आहे. रेघ कधी काढू, ते जाणत्याला विचार.

तुझी धाकटी बहीण

ता. क. सुतार येऊन गेला. कपाटाची बिजागरी सैल आहे म्हणाला. तशीच राहू दे म्हटलं. (मजुरीही वाचली.) ह्यांना बोललेले नाही.

पुन्हा ता. क. जाणत्याला काही विचारू नकोस. हवा दमट आहे, मीठ पाझरतं. हे कामावर गेले की मी रेघेत भर घालते. पिशवी तळाला आली, आणखी पाठव. दुपारी स्टूल रिकामंच असतं. रेघेपलीकडे सुनेचं बोलणंही ऐकू जातं का, तेवढं मात्र उलट टपाली कळव.