थोरलीचा एक घाव

कळंब, घटस्थापना

ती. सहदेवकाकांच्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो, आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या इंदूकाकूलाही वाकून नमस्कार.

काका, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं, जीव भांड्यात पडला. आता डॉक्टर सांगेपर्यंत वाकू नका, टीव्ही बघू नका, आणि त्या डॉक्टरला तुमच्या तरुणपणीच्या गोष्टी सांगू नका (त्याने त्या दोनदा ऐकल्यात, काकू म्हणत होती). फोन का नाही केला म्हणाल, तर तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आमच्या घरातली भांडणं आम्हाला समजायच्या आधी अर्ध्या लोधिवलीला समजतात. म्हणून पत्र. सोबत नवशाच्या टेंपोतून आपली थोरली पाठवली आहे. वर्षभर तलवार सांभाळायची पाळी यंदा आमची होती, पण दसऱ्याला ती तुमच्या देव्हाऱ्यात हवीच. जुन्या साडीत गुंडाळली आहे, ती काकूनेच सोडावी.

आता पुतण्याचा पराक्रम ऐका. आमच्या इथल्या रिसॉर्टच्या मागे एका वेब सिरीजचं शूटिंग आलं होतं. गोष्ट मी तीन जणांना विचारली, तिघांनी तीन सांगितल्या. एवढं कळलं की एक वीर असतो, तो बर्फातसुद्धा चामड्याचा लंगोट लावून फिरतो (सर्दी होत नाही, छाती दिसावी म्हणून). त्याला घर नाही, सातबारा नाही, तरी शेवटी राजा तोच होतो. एक जादूगार असतो, तो काळ्या बुरुजात राहून मंत्र पुटपुटतो आणि पंख असलेली टेंपोएवढी घोरपड पाळतो. ऋतिकला विचारलं तर कार्टं मोबाइलमधून मान वर न करता म्हणतं, पप्पा, गेममध्ये पण हेच, कॉमिकमध्ये पण हेच, उघडा माणूस, दाढीवाला जादूगार आन् नाव असलेली तलवार. म्हटलं, मग आमचं घर काय वाईट? आमच्या तलवारीला पण नाव हाय, आणि आम्ही वर बनियन तरी घालतो!

तर मी सैनिक म्हणून उभा राहिलो. हातात तलवार दिली ती फायबरची, शेवग्याच्या शेंगेसारखी. माझं डोकंच फिरलं. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या थोरलीची पूजा होते त्याने शेंग धरायची? तडक घरी गेलो, देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि थोरलीला घेऊन आलो. (संजना शेतावर होती. विचारायचं राहून गेलं.) थोरलीला बघून डायरेक्टर खुर्चीतून उठला. तिच्यासारख्या चार फायबरच्या लगेच करायला सांगितल्या आणि खरी दिली वीराच्या हातात. वीर म्हणजे मुंबईचा जिमवाला पोरगा, दंड हे एवढे, पण शेततळ्यात पाय घातल्याबरोबर बोटाला जळू चिकटली आणि गडी जो किंचाळत पळाला, त्याने थेट गाडीत बसून काच लावून घेतली. डायरेक्टर ओरडायला लागला, अरे तलवार चालवणारं कोणी आहे का? मी पुढे झालो. पाठमोरा मी वीरासारखा दिसतो म्हणाले. केसांचा टोप घातला, लंगोट दिला. (तेव्हाच संजना शेतावरून परत येत होती. त्यावर जास्त लिहीत नाही.)

समोर घोरपड, बाजूला जादूगार (बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, दोन मंत्रांच्या मध्ये बीपीची गोळी घ्यायचे). मी तुम्ही दसऱ्याला करता तसा उजवा पाय पुढे टाकला, कुलदैवताचं नाव घेतलं आणि घोरपडीच्या मानेवर एकच घाव! अख्खं युनिट गप्प. डायरेक्टरने तोंडावर टोपी धरली. त्या क्षणी मला तुमची आठवण झाली, काका, खोटं नाही सांगत. चाळीस वर्षं पाटावर कोहळा, त्याच्या पोटाला काकूने ओढलेला कुंकवाचा जाड पट्टा, अंगणात सगळी भावकी, आणि तुमचा एक घाव. दुसरा कधी लागलाच नाही. आता त्याच भावकीतला हर्षद गावभर सांगत फिरतोय, म्हाताऱ्याचा हात कापतो, डोळा गेला, कोहळ्याचा मान आता आमच्या घरी द्या. यंदा त्याच्यासमोर होऊन जाऊ द्या. लहानपणी मी तुमच्या मागे उभा राहून बघायचो, अजूनही तिथेच उभा राहणार आहे.

तुमचा,
धनेश

ता.क. काकू, इथून पुढे मोठ्याने वाचू नकोस. संजनाने लोणच्याचं प्रमाण विचारलंय असं काकांना सांग आणि पत्र घेऊन स्वयंपाकघरात जा.

गेलीस? घोरपड थर्माकोलची होती. तिला ओरखडासुद्धा नाही. तुटली ती थोरली! अर्धी माझ्या हातात, अर्धी शेततळ्यात. युनिट गप्प होतं ते त्यामुळे, आणि टोपीमागे डायरेक्टर हसत होता. त्यांच्या शस्त्रांच्या माणसाने तुकडा हातात घेऊन सांगितलं, हा नाटकातल्या तलवारीचा पत्रा आहे, याला धार कधी नव्हतीच, याने काकडीसुद्धा कापली जाणार नाही. काकू, मी त्या लंगोटावर बांधाला बसून रडलो गं. साडीत आहे ती फायबरची, चहाच्या पाण्याने गंजाचे डाग रंगवलेत. काकांनी हिने घाव घातला तर ही उडून हर्षदच्याच पायाशी पडेल, आणि भावकी हसली तर काका पुन्हा अंगणात पाऊल टाकायचे नाहीत. पाया पडतो, एवढं कर. कोहळा आधीच कापून ठेव, काडेपेटीच्या काड्यांनी जोड, फटीवर कुंकू फास. कोणाला कळणार नाही.

आणखी एक ता.क. वरचं लिहिलं आणि पेन थांबलं. धार कधी नव्हतीच, तर चाळीस वर्षं कोहळा फुटत कसा होता? आजोबांचा कसा फुटत होता? आणि तुझा तो कुंकवाचा पट्टा नेमका मधोमधच का? पाटावर कोहळा ठेवायला तू दुसऱ्या कोणाला हात का लावू देत नाहीस?

संजनाला विचारलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "काकूंनी मला लग्नानंतरच्या पयल्याच दसऱ्याला शिकवलंय. काडेपेटीच्या काड्या नाय चालत, भिजून फुगतात. बांबूच्या बारीक कामट्या लागतात."

तेव्हा काकू, माझी विनंती मागे घेतो. फक्त यंदा जोड जरा सैल ठेव. काकांचा हात खरंच कापतो.