न थांबता पाच किलोमीटर

३ नोव्हेंबर
आजपासून पळणं सुरू. शिवलिंगप्पाच्या जाण्याशी याचा काही संबंध नाही. माझा शाळेतला दोस्त, कळंबातलं बियाण्याचं दुकान उघडता उघडता शटरपाशीच गेला. बासष्ट वय. माझंही बासष्टच, पण माझं वेगळंय. मी भीत नाही. फक्त डिसेंबर संपायच्या आत न थांबता पाच किलोमीटर पळायचं. पळालो म्हणजे हार्ट ओके.

४ नोव्हेंबर, पहाटे
ढोकी रोड. पहिल्या खांबापर्यंत उत्तम. दुसऱ्याला धरून उभा राहिलो. हे थांबणं नव्हे, स्ट्रेचिंग.

९ नोव्हेंबर
लातूरहून पोरगी शिवांजलीनं घड्याळ पाठवलं. किती अंतर पळालो ते दाखवतं, नाडीही दाखवतं. आकडा बघितला की वाढतो. वाढला की परत बघावंसं वाटतं. शेवटी खिशात ठेवलं. आता नॉर्मल.

१८ नोव्हेंबर
छातीत डावीकडं चमक. दरदरून घाम. बांधावर बसून सगळ्या नातेवाइकांची नावं आठवून बघितली. आठवली. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. ईसीजी चांगला आला. मशीन जुनं असावं.
बायकोला, दीपमालाला, सांगितलं नाही, बायकामाणसं उगाच घाबरतात. जेवताना सहज एवढंच म्हणालो, की मला काही झालं तर रडत बसू नको. ती भाकरी थापायची थांबली.

१ डिसेंबर
गुडघा. शास्त्रोक्त विश्रांती.

१० डिसेंबर
परत सुरू, पण शेजारचे वीरप्पा सांगत आले, रस्त्याकडंच्या उसात बिबट्या दिसला म्हणून. मी हसलो. उद्यापासून जरा उजाडल्यावर जाईन. उजेडात फॉर्म चांगला राहतो.

१४ डिसेंबर, सकाळ
झालं!! गाव मागं पडलं, दाट धुकं, दोन्हीकडं ऊस. मागं पावलं वाजली. माझ्याच चालीनं. वळून बघितलं नाही. धावपटू मागं बघत नसतो. तोंडातून देवाचं नाव निघत होतं, ते श्वासाच्या तालासाठी. पाय आपोआप उचलत होते. थेट फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात घुसलो, टेबलामागं उभा राहिलो, खिशातलं घड्याळ काढलं. पाच किलोमीटर! एकदाही न थांबता. डोळ्यांत घाम गेला, बराच वेळ येत राहिला.

तोच दिवस, दुपार
सकाळचं पुरतं लिहिलं नव्हतं.
हॉटेलात माझ्या पाठोपाठ दीपमाला आली. कानाला मफलर, पायात घरातली स्लीपर, हातात मोबाईल. अणदूरच्या बहिणीशी बोलणं चालू होतं. फोन ठेवून म्हणाली, "लई दमलाव का?"
विचारलं, तू इथं कशी?
"तुमच्या मागंच की. रोजच येते. कुठं पडलाव बिडलाव तर कुणी नको व्हय उचलायला?"
मी हळूच विचारलं, म्हणजे तूही पाच किलोमीटर पळालीस?
"न्हाय ओ. साडीत कुठं पळू? चालतच आले."
दोन चहा सांगितले. घरी जीपनं आलो.
तिला म्हणालो, उद्यापासून बरोबरच चल. फक्त जरा हळू.