जोडव्यांतली चांदी

४ नोव्हेंबर १९९४, पाडवा

अनसूयेच्या जोडव्यांचा खरा हिशेब: दीड पोतं जुने एक्स-रे, सांगलीभर दारोदार पायपीट, आणि कॉस्टिकच्या पाण्याने सोललेली, माझ्या भंगाराच्या दुकानातल्या जैनुद्दीनची बोटं. फिल्म धुतली की काळा गाळ खाली बसतो; तो फडक्यातून गाळून आटवला की चांदी! लोक कपाटावर धूळ खात ठेवतात — मोडलेले पाय, बरगड्या, सासूची छाती. मी म्हणतो, द्या इकडे.

पोतं भरायला थोडं कमी पडलं, तर हिनेच ट्रंकेतून स्वतःची फिल्म काढून दिली. वाईला माहेरी असताना टीबी झाला होता, तेव्हाची. "माझीबी घ्या की. माझ्या जोडव्यात माझं कायतरी असू दे." जैनुद्दीन म्हणाला, "वहिनी, दादांच्या आधी तुमीच भंगारात गेला!" लय हसलो.

तिची धुतलेली फिल्म — आता नुसता निळसर प्लास्टिकचा तुकडा — स्वयंपाकघराच्या फुटक्या तावदानाला लावली. माझ्या हातून काही वाया जात नाही. रिकाम्या हाताने सांगलीत आलो, उभा राहिलो, तो याच जोरावर.

ओवाळून उठली तशी जोडवी फरशीवर वाजली. खणखणीत! कान फसत नाहीत माझे.

१९ नोव्हेंबर

तिचा खोकला ऐकतोय. चीर गेलेलं पितळ बद्द वाजतं, तसा.

२४ नोव्हेंबर

मिरजेच्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडाला धरला. फुप्फुसात गाठ. "पूर्वी टीबी झाला होता ना? तेव्हाची फिल्म आणा. तेव्हाही एवढीच असेल तर जुना व्रण, हात लावायला नको. कळलं नाही तर — काढावीच लागेल."

रिक्षात ती म्हणाली, "आवं, तुमी कुठं मागितली? मीच दिली की."

२७ नोव्हेंबर

एस.टी.ने वाईला. तिथे तिची दुसरी एखादी असेल ही आशा. जुन्या दवाखान्याचे कंपाउंडर आकाराम ओट्यावर ऊन खात बसलेले. "जुन्या फिल्मा? पोत्यानं होत्या. कुनी सांगलीकडचा वजनावर घेऊन गेला. तुमीच न्हवं?" — आणि हसले.

मी नव्हतो. पण मला कळलं असतं तर घेतल्याच असत्या.

२८ नोव्हेंबर

तावदानाला लावलेला तिच्या फिल्मचा तुकडा काढून उन्हात धरला. पलीकडची वाळत घातलेली कापडं दिसली. बस्स.

६ डिसेंबर

उद्या ऑपरेशन. नर्सबाईंनी जोडवी काढायला सांगितली. निघेनात, साबण लावून मीच काढली. "आल्यावर घालायची हायत. इकू नका हं!" म्हणाली.

९ डिसेंबर

अनसूया गेली. पहाटे.

शेजारच्या बनुबाईंनी जोडवी तिच्या पायांत घातली. वाजली नाहीत.

२० डिसेंबर

गाठीचा रिपोर्ट आला. जुनाच व्रण. काढायची गरज नव्हती.

जैनुद्दीनला विचारलं, एका फिल्मची चांदी किती निघते रे? तो मान खाली घालून म्हणाला, "चिमटीतबी यायची न्हाई, दादा. तेवढी तर गाळायच्या फडक्यालाच चिकटून ऱ्हाती."

ते फडकं मी दर वेळी फेकून देतो.