यंत्राने काढलेली चिठ्ठी

ती. दादास,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच, उरलेला मनातून.) तुझा गुडघा आणि वहिनीची दाढ यांपैकी जे दुखायचं थांबलं असेल ते कळव.

आई सध्या माझ्याकडे आहे, पण कायमची कोणाकडे राहणार हे कॉम्प्युटरने ठरवायचं, असं आपलं ठरलं. कागदाच्या चिठ्ठ्या नकोत, मी त्या घडीवरून ओळखते, असं तूच म्हणालास. (लहानपणी ओळखायचे, खरं आहे.) यंत्राला नातीगोती नसतात, हेही तुझंच. मला पटलं होतं. पण आमच्या छापखान्यातले कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही पक्कडराव म्हणतो. त्यांना सहज विचारलं, की यंत्र हे मनाला येईल ते नाव कसं काढतं? ते हसलेच. "अहो ताई, त्याला मन कुठलं? तुम्ही कळ किती वेळाने दाबली, माऊस कसा हलला, डिस्क कुठे रेंगाळली, असले बारीक फरक ते साठवतं, त्यातून आकडा काढतं आणि आकड्यावरून नाव." म्हणजे आपण दोऱ्याची टोकं डब्यात टाकून ठेवतो, तसं. मग दादा, त्या डब्यात माझ्याच हाताची थरथर असेल, तर चिठ्ठी काढली कोणी? यंत्राने की मी?

पहिल्यांदा तुझं नाव आलं. पण माझा हात कापत होता, म्हणून ती धरली नाही. दुसऱ्यांदा टाइपिंगच्या परीक्षेला बसल्यासारख्या एका लयीत कळा दाबल्या, तरी तुझंच. (पक्कडराव म्हणतात, तरीही फरक राहतातच, आपल्याला नुसते दिसत नाहीत. मग लय धरून उपयोग काय झाला? म्हणून तीही रद्द.) तिसऱ्यांदा ह्यांना बसवलं. "मी जावई, मी तटस्थ," म्हणाले आणि ऐन कळ दाबताना शिंकले. पुन्हा तूच. शिंकही डब्यात गेली असणार, म्हणून रद्द. चौथ्यांदा माऊस आईच्याच हातात दिला. तिने तो पाटी पुसावी तसा फिरवला, बराच वेळ. नाव तुझंच आलं. मग म्हणाली, "एवढा खटाटोप केलात, पण मला कोणी विचारलंत का गं?"

मी कॉम्प्युटर बंद केला. विचारलं असतं, पण उत्तराची भीती वाटली.

तुझी,
धाकटी

ता. क. ठरल्याप्रमाणे चिठ्ठी तुझी आहे. रविवारी आईला न्यायला ये.

ता. क. २. येऊ नकोस. काहीतरी अडचण काढ ना रे. ती जरा बाहेर गेली आणि तिच्या खोलीतला दिवा बंद दिसला की मला घरात काय करावं तेच कळत नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आत आईने पत्र वाचलं. सांगते तसं लिही म्हणाली, म्हणून लिहिते: "तुझ्या बहिणीने चारदा चिठ्ठी रद्द केली. आता तू तुझ्या यंत्रावर काढ. तिचं नाव आलं तर तू काय करतोस, ते मला खरं खरं कळव. मग बघते."