खोट्या बिल्ल्याखालची हाडं

मी वेल्टा स्ट्राउमे, माहेरची क्राउक्ले, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार काल्नायी मळा, सालदुसजवळ, लाटव्हिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा दीर अर्विड्स स्ट्राउमे पहिली शंका तिथेच काढेल. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. राग आहे, पण तो सात वर्षांचा आहे आणि पूर्ण विचारांती ठेवलेला आहे.

१. घर, सफरचंदाची बाग, मधमाश्यांच्या पेट्या आणि बँकेत असेल ते सर्व माझी मुलगी बैबा हिला मिळावं. अट एकच. अर्विड्स किंवा त्याच्या वतीने कोणीही फाटकाच्या आत येऊ नये. बैबा, तू मऊ आहेस. तो "पोरी, झालं गेलं विसरू या" म्हणेल. फाटक उघडू नकोस.

२. माझ्याकडे जमिनीतून निघालेले दोनशे चाळीस जर्मन लष्करी बिल्ले आहेत. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात जर्मन सैन्य आमच्या या भागात कोंडलं गेलं, त्याचं लोखंड आणि जस्त जंगल अजून वर काढतं आहे. खोदणारे ते माझ्याकडे आणतात आणि विचारतात, कुठल्या कारखान्याचा? नाव बहुतेकांवर नसतं, किंवा मातीने खाल्लेलं असतं. मी मागची बाजू बघते. पिन गोल की चपटी, बिजागरी डाख देऊन बसवली की बिल्ल्यासोबतच ओतली, पिन अडकवायचा आकडा कुठल्या अंगाला वळवला. समोरची नक्षी सगळ्यांची सारखीच असते, मागे मात्र प्रत्येक कारखान्याचा हात वेगळा. छत्तीस वर्षं मी दातांच्या कवळ्या केल्या, म्हणून हे डोळ्यांना दिसतं.

हे बिल्ले, सैनिकांची आणि गावकऱ्यांची हाडं शोधून नीट पुरणाऱ्या मंडळींना द्यावेत. विकू नयेत. सोबतची हिरवी वही मात्र सालदुसच्या वाचनालयात ठेवावी. तिच्यात अर्विड्सने खरे म्हणून विकलेल्या एकसष्ट खोट्या बिल्ल्यांची यादी आहे, ओळखायच्या खुणांसकट. मागेल त्याला ती वाचू द्यावी, अर्विड्सच्या नातवंडांनाही.

३. एक बिल्ला या दोनशे चाळीसात धरू नये. तो निळ्या डबीत आहे. त्याची हकिकत लिहिल्याशिवाय पुढची कलमं कोणाला कळणार नाहीत.

दोन हजार नऊच्या मे महिन्यात ओल्टमान्स नावाचे निवृत्त जर्मन शिक्षक माझ्याकडे आले. हल्ल्यात लढलेल्या पायदळाच्या सैनिकांना जर्मन सैन्य जो बिल्ला देत असे, तसा एक त्यांनी अर्विड्सकडून विकत घेतला होता. सोबत फोटो होता. जर्मन पाहुण्यांना पैसे घेऊन जुनी रणभूमी दाखवणाऱ्या अर्विड्सने चौऱ्याण्णव साली जंगलात उघडलेला खड्डा, त्यात सांगाडा आणि छातीवर हाच बिल्ला.

"बाई, कारखाना तेवढा सांगा," ते म्हणाले. "नातवंडांना दाखवताना नाव सांगता येईल."

मी भिंगाखाली धरला. धातू जस्त नव्हता. मागे बारीक गोळ्या होत्या, कवळीच्या साच्यात हवा अडकली की येतात तशा. पिन म्हणजे कवळीच्या आकडीची तार. आणि ती वाकवताना उमटलेला ओरखडा माझ्या पकडीचा होता. माझ्या पकडीच्या एका जबड्याला खाच आहे.

"सापडला का कारखाना?" ओल्टमान्सनी विचारलं.

"सापडला," मी म्हटलं. "याच खोलीत आहे."

सरकारी प्रयोगशाळा बंद पडल्यावर भट्टी मी घरी आणली होती. ओतकाम नवऱ्याला, एवाल्ड्सला, मीच शिकवलं होतं. तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. मी बिल्ला त्याच्यापुढे ठेवला.

"हा तू केलास?"

त्याने सुरी खाली ठेवली. "अर्विड्स म्हणाला, नुसती हाडं बघायला जर्मन पाहुणे येत नाहीत. काहीतरी हवं छातीवर."

"आणि हाडं कोणाची?"

"कोणाची तरी असतील, वेल्टा. सगळ्यांनी जर्मनच मानली."

बिल्ल्यामुळेच मानली. त्या बिल्ल्यावर विसंबून ती अज्ञात जर्मन सैनिक म्हणून परदेशी दफनभूमीत नंबरच्या पेटीत पुरली गेली. मी फोटो पुन्हा बघितला. पायाशी लष्करी बूट नव्हता. लाकडी तळाचा जोडा होता, घोड्याच्या नालेचे खिळे ठोकलेला. माझे वडील जेकाब्स क्राउक्ले जोड्यांना तसेच खिळे ठोकत. चव्वेचाळीसच्या डिसेंबरात जर्मनांनी त्यांना घोडा-गाडीसकट वेठीला धरून नेलं. मी सहा वर्षांची होते. ते परत आले नाहीत.

अर्ज, सह्या, पेटी उघडणं, माझ्या गालाच्या आतला नमुना, यात दोन वर्षं गेली. जुळलं. त्या दोन वर्षांत अर्विड्स एकदाच फाटकाशी आला.

"वहिनी, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? आणि ओतला तर तुमच्या नवऱ्याने."

"ठेवला कोणी?"

"मला काय ठाऊक तुमचे वडील होते ते."

"ठाऊक करून घ्यायला काही लागत नव्हतं, अर्विड्स. जोडा बघायचा होता."

तो माझ्याकडे न बघता निघून गेला. दोन हजार अकरात वडिलांना मी गावच्या दफनभूमीत आणलं. अर्विड्सने पाठवलेलं पुष्पचक्र मी रस्त्यापलीकडच्या चरात टाकलं. एवाल्ड्सला मी येऊ नको म्हटलं होतं. तो आला, टोपी हातात धरून कुंपणाबाहेर उभा राहिला. वर्षभराने गेला. शेवटच्या आजारपणात त्याला भरवलं, पुसलं, पण माफ केलं नाही. त्यानेही मागितलं नाही.

४. भट्टी, भिंग आणि हत्यारं माझी जुनी सहकारी मिर्द्ज़ा हिला द्यावीत. खाचेची पकड आणि निळी डबी मात्र हिरव्या वहीसोबत ठेवावी.

५. मला वडिलांच्या डाव्या हाताला पुरावं. सालदुसच्या दफनभूमीत एवाल्ड्सच्या दगडावर माझं नाव आणि जन्मसाल त्याने हयातीतच कोरून घेतलं आहे, पुढची जागा मोकळी सोडून. ते नाव घासून काढावं. माझे वडील सतरा वर्षं, ज्यांनी ओढून नेलं त्यांच्यातच झोपले. एवाल्ड्सला एकट्याने झोपायला हरकत नसावी.

वाचून, समजून सही केली.
वेल्टा स्ट्राउमे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
मिर्द्ज़ा एग्लिते, दंततंत्रज्ञ, निवृत्त
ओस्काल्ड्स ब्रिएडिस, शेजारी

सालदुस, १४ ऑक्टोबर २०१६