घट्ट चहा आणि बैलबाजार

अहो,

बाळाला लस टोचायला जीपनं जाफराबादला चालले. आज मामंजींना तुम्ही भरवा. नसांच्या आजारानं त्यांना आता पातळ चहाचा ठसका लागतो, म्हणून सातूचं पीठ घालून घट्ट केलाय. आधी नीट टेकून बसवा, मंग चमच्या-चमच्यानं द्या.

पण बैलबाजाराची खबर ऐकल्याबिगर ते तोंड उघडत न्हाईत. मला बैलातलं काय कळतं? मी रोज थापा मारते अन् ते डोळ्यांनी हसतात.

त्यांची वाचा गेल्यापासून तुम्ही उंबऱ्यातूनच परत फिरता. काल मी विचारलं, "लेकाच्या हातचं चालंल का?" हो म्हणायला एकदाच डोळे मिचकवायचे, असं आमचं ठरलंय. मामंजी मिचकवतच राह्यले.

— नंदा