भाजलेला राळा

२ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

इकडे मी ठीक. आमच्या शेती-केंद्राशेजारच्या शाळेत मुलांची तपासणी झाली. पोटं भरलेली, पण अंगात रक्त कमी. रोज तेच एक पांढरं धान्य, अंगाला काय लागणार? मी साहेबांपुढे तुझ्या राळ्याची टकळी लावली. पाणी थोडं लागतं, खडकाळ जमिनीतही येतो, पोरांच्या अंगी लागतो. शेवटी वैतागून त्यांनी एक वाफा दिला. पण बी कुठेच मिळेना! सगळ्यांनी राळा केव्हाच सोडला, तुझ्या परसात तेवढा उरलाय. मूठभर बी वीस तारखेच्या आत पाठव, नाहीतर वाफा मक्याला जाईल.

सोबत माझा फोटो पाठवतेय. यंदाही येणं जमणार नाही गं. रागावू नकोस.

लोभ आहेच, ओरडा तेवढा कमी असावा.
तुझी ठकू

९ जून

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मूठभर कसली मागतेस? डबा रिकामा करून सगळा पाठवलाय. फोटो पाहिला. गळ्याची हाडं मोजता येतात, आणि म्हणे मी ठीक! दोन दिवस परसात बसून राळा कांडला, पाखडला, खडा न् खडा वेचला आणि मंद आचेवर खमंग भाजला. आता नुसता शिजवायचा. आधी तू खा, मग जगाच्या पोरांना घाल.

माझ्यासाठी ठेवला नाही. एकटीसाठी काय शिजवायचं? तीन वर्षं एकच ताट मांडतेय.

जेवत जा. एवढं केलंस तरी माझ्यावर उपकार.
तुझी आई

१६ जून

ती. आईस,
सा. न.

पार्सल उघडलं आणि खोलीभर वास सुटला. साहेब हसत आले, पिशवीत हात घातला आणि म्हणाले, हा तर भाजलेला! अगं आई, भाजलेलं बी उगवतं का कधी? चाळीस वर्षं पेरतेस, तुला हे मी सांगायचं? मी खूप चिडले. मग दार लावून दोन वाट्या शिजवला, खाल्ला आणि पोटभर रडले.

पोत्याच्या शिवणीत, फळीच्या फटीत, कुठे चार दाणे अडकलेत का बघ. तुझ्याकडे नाही म्हणजे कुठेच नाही.

तुझीच, चिडकी ठकू

२९ जून

चि. ठकूस,
आशीर्वाद.

लाज वाटली बाई. बी पाठव, असं तू स्वच्छ लिहिलं होतंस, मी दोनदा वाचलंही होतं. पण फोटो पाहिला आणि डोक्यात एकच बसलं, पोर उपाशी आहे. घर पालथं घातलं, दाणा सापडला नाही. दोन दिवस घास गोड लागला नाही.

काल धुण्याच्या दगडाजवळ, जिथे कांडायला बसले होते, तिथे कोंब दिसले. कांडताना उखळाबाहेर उडालेले अख्खे दाणे असणार. अकरा आहेत. भोवती काट्या रोवल्यात, दिवसभर पाखरं हाकते.

यंदाचा वाफा गेला असेल, पुढच्या वर्षीचा मागून ठेव. कणसं तीनेक महिन्यांत पिकतील. पण बी टपालाने पाठवणार नाही. माझाच माझ्यावर भरवसा नाही, तुझा चेहरा आठवला की पुन्हा चुलीवर चढवीन. तू ये आणि आपल्या हाताने काप.

खोटं कशाला बोलू? कोंब दिसले तेव्हा आधी राळ्याचा आनंद झालाच नाही. वाटलं, आता तुला यावंच लागेल.

वाट पाहणारी,
आई